सिंहस्थाचा गुरू: पंचांगातलं गोचर आकाशात कसं पडताळून पाहावं

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या मागच्या सिंहस्थाचा, म्हणजे गुरू सिंह राशीत असताना भरणाऱ्या कुंभमेळ्याचा, ध्वज 14 जुलै 2015 ला चढला आणि 11 ऑगस्ट 2016 ला उतरला. तेरा महिन्यांत पर्व आटोपलं. या खेपेचा ध्वज 31 ऑक्टोबर 2026 ला चढायचा आहे आणि उतरायचा आहे थेट 24 जुलै 2028 ला. म्हणजे जवळजवळ एकवीस महिने. ग्रह तोच, रास तीच, मग मुक्काम एवढा लांबला कसा?

कारण या वेळी गुरू सिंह राशीत एकदा येऊन सरळ पुढे जात नाही. तो येतो, मागे कर्केत जातो, पुन्हा येतो, कन्येत शिरतो, तिथूनही मागे फिरतो आणि मग कायमचा बाहेर पडतो. सिंहेतला मुक्काम असा तीन तुकड्यांत विभागला जात असल्यामुळे याला त्रिखंडी सिंहस्थ म्हणतात. महाराष्ट्रात बहुतेक पंचांगं ज्या गणिताने चालतात, त्यानुसार तारखा अशा:

31 ऑक्टोबर 2026: कर्केतून सिंहेत
25 जानेवारी 2027: वक्री (उलट्या) गतीने परत कर्केत
26 जून 2027: मार्गी (सरळ चालीचा) होऊन पुन्हा सिंहेत
26 नोव्हेंबर 2027: कन्येत
28 फेब्रुवारी 2028: वक्री गतीने परत सिंहेत
24 जुलै 2028: कन्येत, सिंहस्थ समाप्त

गोचर (ग्रहांचं राशींतून फिरणं) म्हटलं की बहुतेकांची उडी एकदम फळावर जाते: माझ्या राशीला गुरू कितवा, साडेसाती कधी संपणार. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी ग्रह कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि फळाचं काय ते नंतर ठरवा. ज्याने गुरूला सिंहेतल्या मघेच्या ठळक ताऱ्याकडे सरकताना आणि मग मागे हटताना पाहिलंय, त्याला "वक्री" या शब्दाची भीती दाखवून कुणी फसवू शकत नाही. हा सिंहस्थ त्यासाठी फार चांगली संधी आहे, कारण सिंह ही आकाशात ओळखायला सोपी रास आहे आणि गुरू शहराच्या उजेडातही लपत नाही.

जवळ काय हवं

त्या वर्षाचं एखादं छापील पंचांग, मोबाईलवर किंवा संगणकावर एखादं तारांगण अॅप (स्टेलॅरियमची संगणकावरची आवृत्ती फुकट आहे आणि या कामाला पुरेशी आहे), एक वही आणि पूर्वेकडचं व डोक्यावरचं आकाश मोकळं दिसेल अशी गच्ची. दुर्बीण असली तर गुरूचे चार मोठे चंद्र दिसतील, पण गोचर बघायला तिची गरज नाही. कालनिर्णयसारख्या दिनदर्शिकेवर सण-तिथी मिळतात, रोजचे ग्रहांचे अंश मात्र हवे असतील तर पंचांगच घ्या.

पहिली पायरी: पंचांगातले आकडे वाचणं

पंचांगात प्रत्येक पंधरवड्याच्या पानावर "स्पष्टग्रह" असतात. ग्रहाच्या नावाखाली तीन-चार आकडे ओळीने दिलेले असतात: राशी, अंश, कला, विकला. साठ विकलांची एक कला, साठ कलांचा एक अंश, तीस अंशांची एक रास. बहुतेक पंचांगांत ही स्थिती पहाटे साडेपाचची असते. वेळ कोणती धरली आहे ते पंचांगात लिहिलेलं असतं, ते आधी बघून ठेवा.

नवशिके हमखास अडखळतात ते पहिल्या आकड्यावर. हा आकडा पूर्ण झालेल्या राशींचा असतो. मेषेत असलेल्या ग्रहाचा पहिला आकडा 0, वृषभेत 1, असं मोजत कर्केला 3 आणि सिंहेला 4 येतात. त्याच पानावरच्या कुंडलीत मात्र राशीचा क्रमांक लिहितात, तिथे मेष 1 आणि सिंह 5. म्हणजे एकाच पानावर, एकाच गुरूसाठी, वर 4 आणि खाली कुंडलीत 5 दिसेल. दोन्ही बरोबर आहेत.

31 ऑक्टोबर 2026 च्या पहाटेचा गुरू साधारण 3-29-58 असा मिळेल: तीन राशी पूर्ण, चौथीतले एकोणतीस अंश अठ्ठावन्न कला, म्हणजे कर्केच्या अगदी टोकाला. दुसऱ्या दिवशीच्या पहाटे तोच 4-0-6 च्या आसपास असेल. मधल्या चोवीस तासांत राश्यंतर झालं. पंचांगात "गुरू सिंहेत" एवढीच नोंद असते, तिच्यामागे हे आकडे आहेत.

आकड्यांवरून गतीही कळते. वर गुरू दिवसाला आठ कला चालला. चंद्राच्या बिंबाचा आकार साधारण तीस कला असतो. म्हणजे चार दिवसांत गुरू जेमतेम एका चंद्रबिंबाएवढा सरकला. म्हणूनच दोन पंचांगांत गुरू-शनीच्या राश्यंतराच्या वेळा काही तासांनी वेगळ्या दिसतात: गणितात एका कलेचा फरक पडला तरी एवढ्या मंद ग्रहाच्या बाबतीत तीन तास इकडेतिकडे होतात. एखादं पंचांग सकाळची वेळ देतं आणि दुसरं दुपारची, म्हणून कुणी चूक ठरत नाही.

"व" किंवा "वक्री" अशी खूण ग्रहापुढे असेल तर त्याचे अंश रोज कमी होत जाताना दिसतील. सलग आठ-दहा दिवसांचे आकडे वहीत उतरवून काढा. कमी होत होत एका दिवशी थांबतात आणि पुन्हा वाढायला लागतात. थांबतो तेव्हा ग्रह स्तंभी, वाढायला लागला की मार्गी.

दुसरी पायरी: आरंभबिंदू कुठला

इथे जरा थांबावं लागतं, कारण गोचराच्या तारखांवरून जेवढे वाद होतात, त्यातले बहुतेक इथेच जन्मतात.

राशी मोजायच्या तर शून्य कुठेतरी धरावं लागतं. पाश्चात्त्य ज्योतिषी आणि खगोलशास्त्राचं गणित ते वसंतसंपातावर धरतात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य जिथे असतो तिथे. ही सायन पद्धत. पण संपातबिंदू ताऱ्यांच्या संदर्भात स्थिर नाही. पृथ्वीचा आस हळूहळू घिरटी घेतो, त्यामुळे तो वर्षाला सुमारे 50.3 विकला मागे सरकतो. बहात्तर वर्षांत एक अंश. आपली पंचांगं ताऱ्यांशी बांधलेला आरंभबिंदू घेतात, ती निरयन पद्धत. दोन्हींतलं अंतर म्हणजे अयनांश.

हे अंतर पडताळायला मकर संक्रांत पुरेशी आहे. सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला. आपण संक्रांत करतो 14 किंवा 15 जानेवारीला. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, तेव्हा मधले चोवीस दिवस म्हणजे चोवीस अंशांचे अयनांश.

आता हा ताऱ्यांशी बांधलेला बिंदू नेमका कोणत्या ताऱ्याशी बांधायचा, यावर महाराष्ट्रात मोठा खल झाला. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा तारा प्रमाण धरला: चित्रेच्या बरोबर समोर, 180 अंशांवर आरंभ. लोकमान्य टिळकांचा कौल रेवतीच्या योगताऱ्याकडे, म्हणजे त्या नक्षत्राच्या खुणेच्या ताऱ्याकडे, होता. स्वातंत्र्यानंतर 1952 साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिने चित्रेच्या बाजूने कौल दिला आणि 21 मार्च 1956 रोजी अयनांश 23 अंश 15 कला मानले. सोलापूरचं दाते पंचांग, सरकारी राष्ट्रीय पंचांग आणि बहुतेक अॅप या चित्रा पक्षावर चालतात. टिळक पंचांगाचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी आहेत, त्यामुळे त्यात प्रत्येक ग्रह चार अंश पुढे दिसतो. 31 ऑक्टोबरला दाते पंचांगात गुरू सिंहेत नुकता पाऊल ठेवत असेल, तेव्हा टिळक पंचांगात तो सिंहेत चार अंश आत असेल. शनीसारख्या संथ ग्रहाचं राश्यंतर यामुळे महिना-दीड महिना अलीकडे येऊ शकतं.

आणखी एक मोजणी आहे, खगोलशास्त्रज्ञांची. 1930 साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने आकाशातल्या 88 तारकासमूहांच्या हद्दी ठरवल्या. तिथला सिंह तीस अंशांचा नाही, कन्या तर त्याहून पुष्कळ मोठी आहे, आणि सूर्य वृश्चिकेनंतर भुजंगधारी या तेराव्या समूहातून जातो. "तेरावी रास सापडली" अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी फिरते तिचा उगम हा. हद्दी वेगळ्या कारणासाठी आखल्या आहेत, समान बारा भागांच्या राशींशी त्यांचा संबंध नाही.

म्हणजे "गुरू सिंहेत कधी गेला" याची 2026 सालातली उत्तरं अशी: सायन पद्धतीने 30 जून, तारकासमूहाच्या हद्दीने सप्टेंबरच्या शेवटाकडे, चित्रा पक्षाने 31 ऑक्टोबर. गुरू एकच आहे, तो चालतोही एकाच वाटेने. रेघा वेगळ्या आहेत. मोबाईलवर एखादं परदेशी अॅप वेगळी तारीख दाखवू लागलं तर आधी ते सायन आहे की निरयन ते तपासा.

तिसरी पायरी: वजाबाकी करून पडताळणं

स्टेलॅरियम उघडा, ठिकाण नाशिक (किंवा तुमचं गाव), तारीख 31 ऑक्टोबर 2026, वेळ दुपारी बारा. गुरूवर क्लिक केलं की माहितीची यादी येते. तिच्यात क्रांतिवृत्तीय रेखांश (सूर्याच्या वाटेवर वसंतसंपातापासून मोजलेले अंश) शोधा. तो दोन प्रकारे दिलेला असतो: एक 2000 सालच्या संदर्भाने आणि एक त्या दिवसाच्या संदर्भाने. दुसरा घ्या. पहिला घेतलात तर वीस-बावीस कलांची चूक येईल आणि गुरूच्या बाबतीत ती दोन-तीन दिवसांची ठरते.

रेखांश मिळेल सुमारे 144 अंश 14 कला. त्या दिवशीचे चित्रा अयनांश 24 अंश 14 कला. वजाबाकी 120 अंश. तीसने भागलं की चार. चार राशी पूर्ण, पाचवी सुरू. पंचांगातलं 4-0-0 तुम्ही स्वतः काढलंत.

ही वजाबाकी कोणत्याही ग्रहाला, कोणत्याही दिवशी चालते. अयनांश वर्षाला 50 विकलांनी वाढवत न्या, एवढंच.

चौथी पायरी: आकाशात शोधणं

आधी हाताचं माप. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटला की करंगळीची रुंदी साधारण एक अंश, मधली तीन बोटं मिळून पाच अंश, वळलेली मूठ दहा अंश. तीन मुठी म्हणजे एक रास. लहान मुलांचा हात लहान आणि डोळ्यापासूनचं अंतरही कमी असतं, त्यामुळे हे माप त्यांनाही लागू पडतं.

सिंह राशी ओळखायची ती विळ्यावरून. सहा ताऱ्यांचा उलटा प्रश्नचिन्हासारखा आकार, विळ्याच्या मुठीकडच्या टोकाला सगळ्यात ठळक पांढरट-निळसर तारा, ती मघा. सूर्य, चंद्र आणि ग्रह ज्या वाटेने फिरतात ते क्रांतिवृत्त मघेला जवळजवळ चाटून जातं, म्हणून गुरूची चाल मोजायला याहून चांगला मैलाचा दगड नाही. चित्रा पक्षात सिंह रास आणि मघा नक्षत्र एकाच बिंदूवर सुरू होतात, पण मघेचा तारा त्या बिंदूपासून सुमारे सहा अंश पुढे आहे. तेव्हा सिंहेत शिरणारा गुरू मघेपासून सहा अंश अलीकडे दिसला पाहिजे. पंचांगाची खरी परीक्षा ही.

आता वेळापत्रक.

31 ऑक्टोबर 2026 च्या आसपास गुरू मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास पूर्वेला उगवतो. पहाटे पाचला गच्चीवर गेलात तर तो पूर्वेच्या आकाशात क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या निम्म्यावर असेल. त्या भागात त्याच्याएवढं तेजस्वी काही नसतं आणि तो ताऱ्यांसारखा लुकलुकत नाही. त्याच्या खाली, तीन बोटांहून थोड्या जास्त अंतरावर, मघा. हे अंतर वहीत लिहा. ताऱ्यांचं एक साधं रेखाटन करा, त्यात गुरूची जागा ठिपक्याने दाखवा आणि ठिपक्याशेजारी तारीख लिहा. पुढचे सगळे ठिपके याच चित्रात भरायचे आहेत.

नोव्हेंबरभर आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरे. अंतर कमी होत जाईल, पण दर आठवड्याला कमी होण्याचं प्रमाण घटत जाईल. 13 डिसेंबरच्या सुमारास गुरू मघेपासून तीन-एक अंशांवर थांबतो. हा स्तंभी गुरू. तोपर्यंत तो रात्री अकराच्या सुमारास उगवायला लागलेला असतो, म्हणजे पहाटे उठायचीही गरज नाही. पुढचे पंधरा दिवस ठिपक्यावर ठिपका पडेल. घाई करू नका, थांबणंच बघायचं आहे.

मग तो मागे फिरतो. 25 जानेवारीला सहा अंशांचं अंतर पुन्हा पूर्ण होतं आणि पंचांगात "गुरू कर्केत" अशी नोंद येते. तुमच्या चित्रातला ठिपका बरोबर ऑक्टोबरअखेरच्या ठिपक्याजवळ आलेला असेल.

फेब्रुवारी 2027 चुकवू नका. 10 फेब्रुवारीच्या सुमारास गुरू प्रतियुतीत असतो: सूर्य मावळताना तो उगवतो आणि रात्रभर आकाशात राहतो. त्याच महिन्यात, 19 तारखेच्या आसपास, मंगळही प्रतियुतीत येतो, तोही वक्री आणि तोही मघेच्या शेजारी, तिच्या उत्तरेला काही अंशांवर. पिवळसर पांढरा गुरू, तांबूस मंगळ आणि निळसर मघा एका नजरेत. गुरू रोज किती सरकतो आणि मंगळ किती, हे एका आठवड्यात शेजारी शेजारी बघायला मिळेल. मंगळाची चाल गुरूच्या तिप्पट वाटेल.

13 एप्रिलच्या सुमारास गुरू पुन्हा थांबतो, या वेळी कर्केत, मघेपासून मुठीपेक्षा थोडा जास्त दूर. रात्री आठला तो जवळजवळ डोक्यावर असतो. तिथून मार्गी. 26 जूनला पुन्हा सिंहेत, जुलैच्या अखेरीस मघेच्या एका अंशाच्या आत. त्या वेळी तो सूर्यास्तानंतर पश्चिमेला खाली असतो आणि महाराष्ट्रात आषाढाचा पाऊस असतो. ढग फाटले तर लाभलं. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे ही शक्यता कोकण-नाशिकपेक्षा जास्त.

मग अमृतस्नानांचा काळ: 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि सप्टेंबरमधलं तिसरं, नाशिकला 11 आणि त्र्यंबकेश्वरला 12 तारखेला. यातल्या 31 ऑगस्टच्या अमावास्येला सूर्य, चंद्र आणि गुरू तिघेही सिंहेत असतात. याचा अर्थ काय होतो बघा: गुरू सूर्याच्या तेजात बुडालेला असतो. ऑगस्टच्या अखेरीस तो सूर्याच्या जवळजवळ मागे आहे. ज्या गुरूमुळे लाखो लोक गोदावरीत उतरतात, तो त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. ज्यांनी हे पर्व गणिताने बांधलं, त्यांचा आपल्या गणितावर केवढा विश्वास असेल! डोळ्यांना न दिसणाऱ्या ग्रहाची जागा त्यांनी छातीठोकपणे सांगितली.

2 ऑगस्टची अमावास्याही लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या दिवशी इजिप्त, सौदी अरेबियातून खग्रास सूर्यग्रहण दिसेल, लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त. पश्चिम भारतातून ते संध्याकाळकडे खंडग्रास दिसतं, अर्थात ढगांनी परवानगी दिली तर.

वक्री आणि अस्त

गुरू खरोखर मागे फिरत नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने फिरते, गुरू सुमारे 13 किलोमीटरने. आतल्या कक्षेतली पृथ्वी दर 399 दिवसांनी गुरूला मागे टाकते आणि त्या काळात दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो मागे जाताना दिसतो. म्हणून बाहेरचा ग्रह वक्री असतो तेव्हा तो आपल्या सगळ्यात जवळ आणि सगळ्यात तेजस्वी असतो. "वक्री म्हणजे दुबळा" अशी जी समजूत आहे, ती आकाश बघितल्यावर टिकत नाही. जुन्या ग्रंथांत वक्री ग्रहाला चेष्टाबल (चालीवरून मिळणारं बळ) जास्त दिलेलं आहे, तेही याच्याशी जुळतं.

गुरू दरवर्षी साधारण चार महिने वक्री असतो, शनी साडेचार महिने. मंगळ दर 26 महिन्यांनी दोन-अडीच महिने, शुक्र दर 19 महिन्यांनी सुमारे सहा आठवडे, बुध वर्षातून तीनदा तीन-तीन आठवडे. राहू-केतू हे चंद्राच्या कक्षेचे छेदनबिंदू, त्यांची सरासरी गती कायम उलटीच. तेव्हा "बुध वक्री, आता सगळी कामं अडकणार" हे वर्षातून नऊ आठवडे म्हणावं लागेल.

अस्त म्हणजे सूर्याच्या इतक्या जवळ जाणं की ग्रह दिसेनासा होतो. गुरूसाठी परंपरेने 11 अंशांची मर्यादा धरतात, शुक्रासाठी 10 किंवा 8. गुरू-शुक्राच्या अस्तात लग्नकार्याचे मुहूर्त देत नाहीत. 2027 मध्ये गुरूचा अस्त साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. सिंहस्थात विवाहाबद्दलही नियम आणि त्यांचे अपवाद आहेत. घरात कार्य असेल तर ते पंचांगाच्या मुहूर्त प्रकरणात वाचा, व्हॉट्सअॅपवर आलेल्या मजकुरावर विसंबू नका.

पाचवी पायरी: राशीपासून गोचर मोजणं

फलज्योतिषात गोचर जन्मराशीपासून मोजतात. जन्मरास म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती. वर्तमानपत्रातली जन्मतारखेवरून काढलेली रास ही सूर्याची, बहुधा सायन, ती इथे चालत नाही.

मोजताना आपली रास पहिली धरायची. समजा मकर रास आहे. मकर 1, कुंभ 2, मीन 3, मेष 4, वृषभ 5, मिथुन 6, कर्क 7, सिंह 8. म्हणजे ऑक्टोबर 2026 पर्यंत कर्केतला गुरू सातवा, मग आठवा, जानेवारीत पुन्हा सातवा, जूनअखेर पुन्हा आठवा. परंपरेने गुरू 2, 5, 7, 9, 11 या स्थानी शुभ मानतात, शनी आणि मंगळ 3, 6, 11 ला, सूर्य 3, 6, 10, 11 ला. त्यावर वेध, अष्टकवर्ग, दशा अशा कितीतरी चाळण्या आहेत. त्या न लावता नुसतं "आठवा गुरू वाईट" सांगणारा त्या शास्त्रालाही धरून बोलत नाही.

आता साडेसाती. शनी 29.5 वर्षांत बारा राशी फिरतो, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं. जन्मराशीच्या मागची, जन्मरास आणि पुढची, अशा तीन राशींतला त्याचा प्रवास म्हणजे साडेसाती. 29 मार्च 2025 पासून शनी मीनेत आहे. तेव्हा मेषेची साडेसाती सुरू, मीनेची मधली अडीचकी, कुंभेची शेवटची. 3 जून 2027 ला शनी मेषेत जातो, 20 ऑक्टोबरला वक्री होऊन मीनेत परततो आणि 23 फेब्रुवारी 2028 ला पुन्हा मेषेत. कुंभ राशीच्या माणसाने जून 2027 ला सुटलो म्हटलं तरी पंचांगाच्या हिशोबाने फेब्रुवारी 2028 पर्यंत ती पुरती संपत नाही. वक्री गतीचा हाच नियम गुरूला तीनदा सिंहेत आणतो.

एक हिशोब प्रत्येक घरात करावा असा आहे. बारांपैकी तीन राशी कोणत्याही क्षणी साडेसातीत असतात. चौथ्या आणि आठव्या शनीच्या दोन राशी धरल्या तर बारांपैकी पाच. म्हणजे कुठल्याही गावात, कुठल्याही वर्षी, शंभरातल्या साधारण चाळीस माणसांवर शनीची "वक्रदृष्टी" असते. तुमच्या नोकरीची अडचण, मुलाचं अडलेलं लग्न, आईचं आजारपण यांचं कारण त्या चाळिसांत असणं हे असेल, तर उरलेल्या साठांच्या घरी या अडचणी का असतात? भीतीपोटी महागड्या शांती करून कर्जात गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. शनिवारी मारुतीला जाऊन मन शांत होत असेल तर जरूर जा. त्याला पैसे लागत नाहीत.

कुंडलीच्या भाकितांची तपासणीही आपल्याकडे झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. 27 जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. नाणं उडवून 50 टक्के आली असती. ही चाचणी जन्मकुंडलीची होती, गोचराची नव्हती, पण निर्णय घेण्याआधी ती माहीत असावी. माझं स्वतःचं मत असं की पंचांगातलं गणित शंभर टक्के विश्वासाचं आहे आणि फळ सांगण्याला तो विश्वास उसना मिळालेला आहे. दोन्ही एकाच पानावर छापलेलं असतं एवढाच त्यांचा संबंध.

सूर्यबिंबावरून जाणारा बुध

ग्रह सूर्य आणि पृथ्वी यांच्या बरोबर मधून गेला तर सूर्याच्या तबकडीवरून काळा ठिपका सरकताना दिसतो. याला अधिक्रमण म्हणतात. ते फक्त बुध-शुक्राचं होऊ शकतं. शुक्राची अधिक्रमणं 8 जून 2004 आणि 6 जून 2012 ला भारतातून दिसली. पुढचं 2117 च्या डिसेंबरात, म्हणजे ते आपल्यापैकी कुणाच्या वाट्याला नाही. बुधाचं पुढचं अधिक्रमण 13 नोव्हेंबर 2032, शनिवार, आणि ते महाराष्ट्रातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसेल: दुपारी साधारण 12 वाजून 11 मिनिटांपासून 4 वाजून 37 मिनिटांपर्यंत. पावसाळा संपलेला, आकाश स्वच्छ, सुट्टीचा दिवस.

तयारी अशी करा. बुधाचा ठिपका सूर्यबिंबाच्या सुमारे 190 व्या भागाएवढा असतो, त्यामुळे ग्रहणाच्या चष्म्यातून तो दिसत नाही. दुर्बीण लागतेच. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, जिथून उजेड आत शिरतो तिथे, प्रमाणित सौर फिल्टर घट्ट बसवा. डोळा लावायच्या बाजूला बसवायचे छोटे फिल्टर उन्हाने तडकतात आणि डोळा कायमचा जाऊ शकतो, ते वापरू नका. फिल्टर नसेल तर भिंगांची लहान दुर्बीण स्टँडवर लावून सूर्याचं बिंब मागे धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडा आणि पुठ्ठ्याकडेच बघा. मुलं असतील तर दुर्बिणीजवळ एक मोठा माणूस सतत उभा राहू दे. दर पंधरा मिनिटांनी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ठिपका काढा, चार तासांत एक सरळ रेघ तयार होईल.

आणि त्या दिवशी पंचांगही शेजारी उघडून ठेवा. अधिक्रमणाच्या वेळेला सूर्य आणि बुध दोघांचेही राशी-अंश 6-27 हेच येतील, तुळेचा सत्ताविसावा अंश ओलांडलेला. बुधापुढे वक्रीची खूणही असेल आणि तो अस्तंगतही असेल. बुध वर्षातून तीनदा असा सूर्याच्या अलीकडून जातो, पण त्याची कक्षा सात अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक वेळा तो बिंबाच्या वरून किंवा खालून निसटतो. मे किंवा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास हा योग पडला, तरच तो सूर्यावर दिसण्याची शक्यता असते.